मूनकेक घेताना 'नो मीट' या उत्तरावर विसंबू नका

घरात कोणी शाकाहारी असेल तर हाँगकाँगच्या गल्लीतल्या बेकरीतून सुटा मूनकेक, म्हणजे चिनी शरदोत्सवात खायचा पुरणाचा केक, घेऊ नका. सुक्या मेव्याचा तर मुळीच नको. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर आईवर ती वेळ आली नसती.

२०२५ मध्ये चिनी लोकांचा शरदोत्सव आणि आपली कोजागरी एकाच रात्री आली, ६ ऑक्टोबरला. भाऊ हाँगकाँगच्या काऊलून भागात राहतो. त्याच्या इमारतीच्या गच्चीवर मसाला दूध आणि सोबत मूनकेक, असा बेत ठरला. मॉलमध्ये पत्र्याच्या देखण्या डब्यांचे ढीग होते, पण मला जुन्या बेकरीतलेच हवे होते.

३ तारखेला चिम शा चुईहून मेट्रोने निघाले आणि पाचव्या स्टेशनवर, शाम शुई पोला उतरले. पेई हो स्ट्रीटच्या बाजाराजवळ एका बेकरीपुढे सव्वा तास रांगेत उभी होते. चीनमध्ये १ ते ८ ऑक्टोबर सुट्टी होती, त्यामुळे गर्दी दुप्पट वाटत होती. वर दमट उकाडा, आणि फुटपाथ इतका अरुंद की भाजीच्या हातगाड्या पायाला घासून जात होत्या. एवढं करून काउंटरशी पोचले तर ऑक्टोपस कार्ड, म्हणजे तिथलं आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड, चालेना. रोख पैसे घेऊनच जा.

पाट्या सगळ्या चिनी लिपीत. कमळबियांचं पुरण आणि आत बदकाच्या अंड्याचे दोन खारवलेले बलक, तो आम्हा भावंडांसाठी घेतला. आईसाठी शेजारच्या ताटातला, कापून ठेवलेला दिसला. अक्रोड, बदाम, तीळ, कलिंगडाच्या बिया आणि साखरेत मुरवलेला कोहळा, म्हणजे आपला पेठाच. मी बाईंना विचारलं, "मीट?" त्या म्हणाल्या, "नो मीट, नट्स, नट्स." मी निश्चिंत झाले.

बाहेर येऊन एक कमळबियांचा तिथेच फोडला आणि निराश झाले. पारी कोरडी, कडक. संध्याकाळी भावाच्या शेजारच्या आजींनी खुलासा केला: मूनकेक ताजा खायचाच नसतो. दोन-तीन दिवसांत पुरणातलं तेल पारीत उतरतं, मग ती मऊ आणि तुकतुकीत होते. ६ तारखेला खरंच तसं झालं. म्हणून सणाच्या तीन दिवस आधी घ्या, गरम मिळतोय म्हणून धावू नका. एक केक १८० ग्रॅमच्या आसपास भरतो, त्याचे आठ तुकडे करून बिनसाखरेच्या चहाबरोबर खायचे.

त्या रात्री आईने दोन घास खाल्ले आणि थांबली. "हे लाल खारट काय आहे गं?" आजींनी तुकडा हातात घेऊन पाहिला आणि भावाला सांगितलं: हॅम. चीनमधल्या जिनह्वा शहरचं, डुकराचं वाळवलेलं मांस. या पाच मेव्यांच्या केकमध्ये ते बारीक चिरून घालायची जुनी रीत आहे, आणि पारीत बहुधा डुकराची चरबीही असते. आईच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. ती उठली, चूळ भरली आणि खोलीत जाऊन झोपली. दुधाला तिने हात लावला नाही.

मला रात्रभर झोप आली नाही. पुन्हा पुन्हा त्या बाईंचं उत्तर आठवत होतं. त्यांनी मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. चवीपुरतं हॅम आणि चरबी त्यांच्या लेखी 'मीट' नसावं. पण माझ्या लेखी तो प्रश्न आईच्या धर्माचा होता, आणि तो मी एका इंग्रजी शब्दात उरकला. माझा राग अजून गेलेला नाही.

तुम्ही असं करा. 'मीट' विचारू नका, 'च्यू-याउ' विचारा, म्हणजे डुकराची चरबी. हॅमचं नाव वेगळं घेऊन विचारा. शाकाहारीला कँटोनीजमध्ये 'चाय' म्हणतात, हा शब्द कामाचा आहे. शक्यतो कोणाकडून तरी हे चिनीत कागदावर लिहून घ्या आणि काउंटरवर दाखवा. सगळ्यात खात्रीचं म्हणजे पाकीटबंद माल. हाँगकाँगच्या कायद्याप्रमाणे त्यावर घटक इंग्रजीत किंवा चिनीत छापावेच लागतात. सुट्या केकवर ती यादी नसते. अंडंही चालत नसेल तर चकाकणाऱ्या पारीचा केक घेऊच नका, कारण ती चमक अंड्याच्या लेपाची असते.

व्हिक्टोरिया पीकचा डोंगर, स्टार फेरीची बोट, बाकीचे चार दिवस छान गेले, त्यावर लिहायचं राहू दे. सार्वजनिक सुट्टी सणाच्या दुसऱ्या दिवशी असते, २०२५ मध्ये ७ ऑक्टोबरला. त्या दिवशी मी कुठेही गेले नाही. ८ तारखेला एका शाकाहारी दुकानातून लाल बीन्सच्या पुरणाचं पाकीट आणलं, यादी दोनदा वाचून: शेंगदाणा तेल, अंडं नाही. आईने आधी देवापुढे ठेवलं, मग अर्धा खाल्ला.