कायद्यात बसतंय की, मग वाईट काय?

"मॅडम, हे सिनेमावाले, क्रिकेटवाले कोटी कोटी कमवायलेत आणि टॅक्स वाचवायलेत. कायद्यात बसतंय म्हणे. मग त्यात वाईट काय?"

मी सोलापुरात सीए आहे. रिटर्न भरायचे दिवस आले की हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणारे दोन प्रकारचे असतात. पुण्यात आयटीत नोकरी करणारा, सुट्टीला घरी आलेला मुलगा चिडून विचारतो. त्याचा कर पगार हातात यायच्या आतच कापलेला असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलवाला तेच शब्द वापरतो, पण त्याच्या बोलण्यात राग नसतो, हेवा असतो. 'त्यांना जमतं, मग मला का नाही?' असं त्याला म्हणायचं असतं. समोर फायलींचा ढीग असताना दोघांनाही मी आजवर अर्धवट उत्तर देऊन वाटेला लावलं. म्हणून आता जरा सविस्तर.

सचिन तेंडुलकरपासून सुरू करते, कारण बोलणं शेवटी त्याच्यावरच येतं. जुन्या आयकर कायद्यात ८०आरआर नावाचं कलम होतं. लेखक, नाटककार, कलावंत, संगीतकार, अभिनेता किंवा खेळाडू यांनी परदेशातून कमाई करून ती परकीय चलनात भारतात आणली, तर त्यातल्या ठरावीक भागावर सूट. सचिनने पेप्सी, व्हिसा, ईएसपीएन स्टार यांच्याकडून मिळालेल्या पैशावर ही सूट मागितली आणि मागितली ती अभिनेता म्हणून. विभागाचं म्हणणं, तुम्ही क्रिकेटपटू, जाहिराती तुम्हाला त्यामुळेच मिळतात. त्याची बाजू अशी की मी व्यावसायिक क्रिकेटपटू नाहीच, माझा व्यवसाय जाहिरातीत काम करण्याचा. २०११ मध्ये मुंबईच्या आयकर अपिलीय न्यायाधिकरणाने त्याचं म्हणणं मान्य केलं. एका माणसाचे दोन व्यवसाय असू शकतात, आणि कॅमेऱ्यासमोर उभं राहायलाही अंगात कसब लागतं, असा एकूण निकाल.

त्या वेळी लोक खूप हसले. 'देव म्हणतो, क्रिकेट माझा धंदाच नाही!' मला मात्र त्यात वावगं काही दिसलं नाही, आजही दिसत नाही. जाहिरात खरी होती, काम खरं होतं, पैसा खरोखर देशात आला. सरकारला जे व्हायला हवं होतं ते झालं आणि त्याचं ठरलेलं बक्षीस त्याने मागून घेतलं. देवाने सवलत मागू नये अशी आपली अपेक्षा असेल, तर ती आपली अडचण.

त्याच्याच फेरारीबद्दल माझं मत वेगळं आहे. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केल्याबद्दल ही गाडी त्याला भेट मिळाली आणि २००३ मध्ये तिच्यावरचं सुमारे १ कोटी १३ लाखांचं आयात शुल्क सरकारने माफ केलं. गदारोळ झाला, प्रकरण न्यायालयात गेलं, आणि शेवटी शुल्काचे पैसे फेरारीच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, फियाटने, भरले. ८०आरआर हे कुणालाही लागू होईल असं कलम होतं. उद्या सोलापूरच्या एखाद्या तबलजीने परदेशात कार्यक्रम करून डॉलर आणले असते तर त्यालाही ते मिळालं असतं. फेरारीची माफी एका नावासाठी होती. कागदोपत्री दोन्ही गोष्टी रीतसरच, पण मी त्यांना एका पारड्यात टाकणार नाही.

आता दुसऱ्या टोकाचं उदाहरण, तेही परक्या देशातलं. जिमी कार हा इंग्लंडमधला विनोदवीर. २०१२ मध्ये बातमी फुटली की तो जर्सी बेटावरच्या 'के२' नावाच्या योजनेत आहे. योजना अशी: तुमची कमाई जर्सीतल्या कंपनीकडे जाते, कंपनी तुम्हाला किरकोळ पगार देते आणि उरलेली रक्कम 'कर्ज' म्हणून देते. कर्ज म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणून त्यावर आयकर नाही. हे कर्ज कधी फेडावं लागेल अशी धास्ती त्यात कुणालाच नव्हती. पंतप्रधान डेव्हिड कॅमेरून यांनी हे नैतिकदृष्ट्या चूक असल्याचं जाहीरपणे सांगितलं, कारने माफी मागितली आणि योजनेतून अंग काढून घेतलं. (चारच वर्षांनी पनामा पेपर्समध्ये, म्हणजे परदेशी कंपन्यांच्या फुटलेल्या कागदपत्रांत, कॅमेरून यांच्या वडिलांचा परदेशी फंड निघाला. तोही कायदेशीरच होता, आणि त्यात आपलाही पूर्वी हिस्सा होता हे कॅमेरून यांना कबूल करावं लागलं. उपदेश करताना आधी घरातली कपाटं उघडून बघावीत.)

इथे माझी रेघ ओढली जाते. जे घडलं त्यावर कायद्यातली सवलत घेतली तर ठीक. सवलतीसाठी न घडलेलं घडल्यासारखं दाखवलं तर नाही, मग त्याला कुठल्या निष्णात वकिलाचं अभिप्रायपत्र का जोडलेलं असेना. जाहिरात झाली होती. कर्ज दिलं गेलंच नव्हतं.

कायद्यालाही ही रेघ सहज सापडलेली नाही. गेल्या शतकात इंग्लंडच्या ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टरने आपल्या माळ्याला पगार न देता करारपत्रावर ठरलेली रक्कम द्यायला सुरुवात केली, कारण पगाराची वजावट मिळत नव्हती आणि कराराची मिळत होती. माळी तोच, बाग तीच, काम तेच. १९३५ मध्ये न्यायालय म्हणालं, चालेल, माणसाला आपले व्यवहार कर कमी बसेल असे मांडायचा हक्क आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १९८५ मध्ये मॅकडॉवेल खटल्यात ही वाट बंद करू पाहिली. दिखाऊ व्यवहारांना करनियोजन म्हणू नका, असं बजावलं. पुढे मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणुकीला करसवलत देणाऱ्या कराराबद्दलच्या २००३ च्या निकालाने आणि परदेशात झालेल्या सौद्यावर इथे कर नाही म्हणणाऱ्या २०१२ च्या व्होडाफोनच्या निकालाने ती पुन्हा बरीचशी उघडी झाली. मग १ एप्रिल २०१७ पासून 'गार', म्हणजे कर टाळण्याविरुद्धचे सर्वसाधारण नियम, आलं: व्यवहाराचा मुख्य हेतू कर टाळणं हाच असेल आणि त्यात बाकी जीव नसेल, तर विभाग तो बाजूला सारू शकतो. पण करातला फायदा ३ कोटींच्या वर असेल तरच. माझ्या टॉवेलवाल्याला गारचं भय नाही.

त्याचं काय चालतं ते सांगते, कारण प्रश्नाचा खरा गुंता तिथेच आहे.

त्याला 'शेती दाखवायची' असते. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा आयकर नाही, हे आमच्या जिल्ह्यात पोराटोरांनाही माहीत आहे. सोलापूरचं डाळिंब प्रसिद्ध, केगावला डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र, तेव्हा डाळिंब दाखवणं सगळ्यात सोपं. भावाच्या नावावर मोहोळकडे चार एकर आहेत, तेवढ्यावर उत्पन्न दाखवा की मॅडम. मी विचारते, पाणी कुठलं? बोअर आहे. किती चालतो? उन्हाळ्यात बंदच की. ठिबक? नाही. आडत्याची पट्टी, म्हणजे माल विकल्याची पावती? आणतो की, ओळखीचा हाय. म्हणजे डाळिंबाआधी पट्टी येणार! यावर आम्ही दोघंही हसतो आणि मी फाईल मिटवते. मनासारखं झालं नाही तरी तो रागावत नाही. फक्त जाता जाता म्हणतो, "मुंबईवाले फार्महाऊस घेऊन हेच करायलेत, त्यांना कोण विचारतंय?"

त्याच्या या वाक्याला माझ्याकडे खोडून काढणारं उत्तर नाही. तो जे करू बघतो ती सरळ चोरी आहे, खोट्या पट्टीची. नटाच्या बाबतीत ते तितकं उघडं नसतं. त्याच्याकडे सल्लागारांची फौज असते. ती त्याला कंपनी काढून देते. नव्या करप्रणालीत दोन कोटींच्या वर वैयक्तिक उत्पन्न गेलं की वरच्या थराला अधिभार-उपकर धरून ३९ टक्के लागतात. २०१९ ची सवलत घेतलेल्या कंपनीला सुमारे २५.१७ टक्के. पैसा बाहेर काढताना लाभांशावर कर आहेच, पण कंपनीतच ठेवला, गुंतवला, गाडी-नोकर-प्रवास कंपनीच्या नावावर दाखवला, तर ते बाहेर काढणं वर्षानुवर्षं टाळता येतं. ट्रस्ट येतो, हिंदू अविभक्त कुटुंब (एचयूएफ) येतं, दुबईतला मुक्काम येतो. २०२० मध्ये सरकारला अनिवासी (म्हणजे परदेशातल्या कमाईवर इथे कर न लागणारा) व्हायच्या दिवसांचा नियम कडक करावा लागला तो काय उगाच नव्हे.

टॉवेलवाल्याला यातलं काही परवडत नाही. म्हणून तो कच्च्या बिलावर विकतो. दोघांना एकच हवं असतं, कर कमी. एकाला त्याची कायदेशीर वाट फी देऊन मिळते, दुसऱ्याला ती फी झेपत नाही म्हणून तो बेकायदा वाटेने जातो आणि सापडला की दंड भरतो. मी कच्च्या बिलाची तरफदारी करत नाहीये. पण 'आम्ही सगळं कायद्यात राहूनच केलं' असं एखादा तारा छाती पुढे काढून म्हणतो, तेव्हा त्या 'कायद्यात'चे पैसे मोजलेले असतात हे मी रोज बघते. म्हणून ते वाक्य मला नैतिकतेचा दाखला वाटत नाही.

कायदा मागून येऊन भोकं बुजवतो हेही खरं. शेअर किंवा प्लॉट विकून घर घेतलं तर नफ्यावर कर नाही, ही सूट निवृत्त शिक्षकालाही मिळते, प्लॉट विकून जुळे सोलापुरात फ्लॅट घेणाऱ्याला. त्याच सवलतीत शंभर कोटींचा समुद्रासमोरचा फ्लॅटही बसायचा. २०२३ च्या अर्थसंकल्पाने तिला १० कोटींची मर्यादा घातली. त्याआधी तो फ्लॅट घेणारा गुन्हेगार नव्हता, नंतर घेणारा साधू झाला असंही नाही.

'पण करच एवढे जाचक असतात, माणूस काय करणार?' असंही विचारतात. एके काळी ते खरं होतं. १९७३-७४ मध्ये आपल्याकडे वरच्या थराला अधिभारासह ९७.७५ टक्के आयकर होता. शंभरातले सव्वादोन रुपये हातात. त्या काळात सिनेमाच्या धंद्यात रोखीचा पैसा खेळला याचं मला नवल वाटत नाही, आणि त्या दराने कुणी पळवाट शोधली असती तर मी फारशी नाकं मुरडली नसती. आज दर त्याच्या निम्म्याच्याही खाली आहे. तक्रारीचा सूर मात्र तोच राहिलाय.

आणि ते ठरलेलं वाक्य: 'माझा सीए बघतो.' लिओनेल मेस्सीने बार्सिलोनाच्या न्यायालयात साधारण हेच सांगितलं होतं, मी फुटबॉल खेळत होतो, वडिलांवर विश्वास होता. त्याच्या प्रतिमा-हक्कांचे, म्हणजे नाव आणि चेहरा वापरू देण्याचे, पैसे बेलीझ आणि उरुग्वेमधल्या कंपन्यांतून फिरवले गेले होते. २०१६ मध्ये बाप-लेक दोघांना २१ महिन्यांची शिक्षा झाली, तुरुंगात मात्र जावं लागलं नाही. ती करचुकवेगिरीच ठरली, तेव्हा आपल्या विषयाच्या पलीकडची. पण माझ्यासमोर बसून 'तुम्हीच बघा मॅडम, मला काही कळत नाही' म्हणणारा सही करताना नेमकी परताव्याची रक्कम वाचतो, हे मी बघितलंय.

त्या चिडलेल्या मुलाचा खरा मुद्दा वेगळा होता. उद्योगपती याहून कितीतरी जास्त वाचवतात, मग नट-खेळाडूंनाच का धरायचं? तक्रार वाजवी आहे, आणि रकमेचाच हिशेब केला तर नट फार खालच्या नंबरावर येईल. तरी त्याला वेगळं धरायला माझ्याकडे एक कारण आहे. त्याची कमाई म्हणजे लोकांचं त्याच्यावरचं प्रेम, आणि ते प्रेम करणारे कोण? पूर्व भागात घराच्या उंबऱ्यावर सूप घेऊन विड्या वळणारी बाई त्याचा सिनेमा बघते, त्याने जाहिरात केलेला साबण घेते आणि त्या साबणावर जीएसटी भरते. तिला कुठलं कलम नाही. तिकडे कुंभारीजवळ रे नगरला विडी आणि यंत्रमाग कामगारांची घरं उभी राहिली, २०२४ च्या जानेवारीत पंधरा हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या, त्यात केंद्राचं आणि राज्याचं अनुदान आहे. ते अनुदान कुणाच्या तरी करातूनच आलं. नटाने जर्सी किंवा दुबई गाठली की तेवढं कुणीतरी दुसऱ्याने भरायचं, आणि त्या दुसऱ्यांत ती बाईही असते.

"मग तुम्ही फी कशाची घेता?" मुलाने शेवटी विचारलंच. कर वाचवायचीच घेते. एकत्र कुटुंबाची वडिलोपार्जित मिळकत खरोखर असेल तर एचयूएफची फाईल मी आनंदाने करते. ज्येष्ठ नागरिकाची एकही वजावट सुटू देत नाही. बायको कारखान्यात खरंच हिशेब बघत असेल तर तिला पगार लावा असं मीच सुचवते, कारण आमच्याकडे बऱ्याच कारखान्यांत ती बघत असतेच आणि तिला छदामही मिळत नाही. पण बायकोला यंत्रमाग शेडचं दार कुठल्या बाजूला आहे ते ठाऊक नसताना तिच्या नावावर मोठा पगार टाकायचा असेल, तर दुसरं ऑफिस बघा म्हणते. काही जण बघतातही. शहरात सीए कमी नाहीत, आणि डाळिंबाची पट्टी न बघता सही करणारा कुठे ना कुठे मिळतो.