समुद्राला लागलेला ठसका

कशेडीचा बोगदा झाल्यापासून मुंबईहून खेडला उतरणं फार सोपं झालंय. पोलादपूर सोडलं की थोड्या वेळात बोगदा लागतो आणि दोनेक किलोमीटरच्या अंधारानंतर आपण डोंगराच्या पलीकडे निघतो. यंदा माघी पौर्णिमेच्या सुमारास मी आणि माझा धाकटा भाऊ तिथून गेलो. गाडी तो चालवत होता. बोगद्याच्या तोंडाशी येताच त्याने हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"काय रे?"

"उठेल ना तो," तो म्हणाला.

तीस-बत्तीस वर्षं मागे गेले मी.

१९९४ च्या मे महिन्यात मी बारा वर्षांची होते आणि तो सहाचा. कोकण रेल्वे अजून आमच्यापर्यंत यायची होती, त्यामुळे दापोलीला जायचं तर रात्रीची एसटी. मला गाडी लागायची. आईच्या पिशवीत आवळासुपारी, लिंबू, रिकाम्या पिशव्या असा सगळा सरंजाम असे, पण कशेडीची वळणं सुरू झाली की त्यातलं काहीच कामाला यायचं नाही. त्या पहाटे मी खिडकीच्या गजाला कपाळ टेकून बसले होते. धाकट्याने माझा हात धरला आणि कानाशी येऊन सांगितलं, "ताई, हा डोंगर झोपलाय. कूस बदलतो ना, म्हणून रस्ता वाकडा होतो. आपण हळू बोललो तर तो कमी वळेल." मग घाट उतरेपर्यंत तो कुजबुजत्या आवाजात डोंगराची स्वप्नं सांगत राहिला. एका स्वप्नात डोंगराला पोहायला शिकायचं होतं. त्या दिवशी मला उलटी झाली नाही. पुढची चार-पाच वर्षं आवळासुपारी कुणी विचारलीही नाही, खिडकीशेजारची जागा मात्र आम्हा दोघांची ठरून गेली.

आत्याचं घर हर्णैला, बंदरापासून चालत पाच मिनिटांवर. संध्याकाळी लिलावाच्या वेळी बाबा आम्हाला किनाऱ्यावर न्यायचे. होड्या उथळ पाण्यात थांबायच्या आणि मासळी आणायला बैलगाड्या थेट समुद्रात उतरायच्या. बैलांच्या पोटाला पाणी लागलेलं, गाडीवान उभा राहून हाकारतोय, टोपल्यांतून पापलेट, सुरमई, बांगडे येताहेत. माझं सगळं लक्ष मासळीकडे. धाकटा बैलांकडे बघत होता. गाड्या परत फिरल्या तेव्हा भरती चढायला लागली होती, चाकांच्या मागोमाग पाणी वर येत होतं. तो ओरडला, "बाबा, बैल समुद्र ओढून आणतायत!" नंतर रात्री जेवताना त्याला बैलांची काळजी वाटायला लागली. एवढा समुद्र रोज दोनदा ओढायचा म्हणजे त्यांच्या माना दुखत असतील. आत्याने पेंडीचा एक गोळा त्याच्या हातात दिला, तेव्हा कुठे तो झोपला.

दुसऱ्या दिवशी होडीने सुवर्णदुर्ग. पाण्यातल्या या किल्ल्याचा दरवाजा लांबून दिसतच नाही. होडी अगदी जवळ गेली की बुरुजांच्या आडून तो उघडा पडतो. बाबांनी कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराची गोष्ट सांगितली, १७५५ साली इंग्रज आणि पेशवे यांनी मिळून किल्ला कसा घेतला तेही सांगितलं. बाबा इतिहास फार जीव लावून सांगत. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेलं आहे आणि बाजूच्या भिंतीवर मारुती. धाकट्याने त्या कासवावर पाय ठेवला नाही, आम्हालाही ठेवू दिला नाही. त्याच्या मते अख्खा किल्ला या कासवाच्या पाठीवर होता आणि रात्री कुणी बघत नसताना ते चालायचं. संध्याकाळी किनाऱ्यावर उभं राहून त्याने एक डोळा मिटला, हात ताणला आणि कनकदुर्गावरच्या दीपगृहापासून सुवर्णदुर्गाच्या तटापर्यंतचं अंतर बोटांनी मोजलं. सकाळी उठल्याबरोबर पुन्हा तिथेच. "दोन बोटं सरकला!" तो आदल्या दिवशीच्या जागेपासून चार पावलं बाजूला उभा होता हे मला कळत होतं. मी बोलले नाही. आजही सांगितलेलं नाही.

आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची कथा त्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. देऊळ पूर्वी किनाऱ्याला होतं, समुद्र वर यायला लागला तसा देव टेकडीवर गेला आणि चढताना खडकावर त्याचं पाऊल उमटलं. धाकट्याचा प्रश्न एकच: दुसरं पाऊल कुठे? ते त्याने सुट्टीभर शोधलं. सापडलं आत्याच्या परसात, नारळाच्या आळ्यात.

पण मला सांगायचं आहे ते हेदवीचं.

हेदवीला समुद्रकाठी उमामहेश्वराचं देऊळ आहे आणि त्याच्याजवळच बामणघळ. काळ्या कातळात समुद्राने कापलेली अरुंद चीर. भरतीला लाट त्या चिरेत शिरते, पुढे जागा मिळत नाही, आणि पाणी कोंडून दणक्यासरशी सरळ उंच उडतं. वेळ साधली नाही तर नुसती ओली भेग बघून परतावं लागतं. देवळातल्या गुरवकाकांनी आम्हाला हिशोब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. त्या दिवशी चतुर्दशी होती, म्हणजे साडेदहा.

साडेदहाला घळ गरजली. मी घाबरून आईला चिकटले. धाकटा थोडा वेळ कान देऊन उभा राहिला आणि म्हणाला, "याला ठसका लागलाय." आम्ही काही समजायच्या आत त्याने आईचा फिरकीचा तांब्या उघडला आणि दिवसभराचं पिण्याचं पाणी घळीत ओतलं. बाबांनी मागून धरलं म्हणून बरं, नाहीतर तो काठाशीच पोहोचला होता. आई रागावली, भीतीने जास्त. तो रडत एकच सांगत होता, "ठसका लागला की तूच पाणी देतेस ना!"

गुरवकाकूंनी तांब्या परत भरून दिला. त्याचे डोळे पदराने पुसले आणि म्हणाल्या, "आता बरं वाटेल हो त्याला."

यंदा आम्ही मुद्दाम पौर्णिमा धरली. पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. अकरा वाजताच जाऊन कातळावर मागे, सुरक्षित अंतरावर उभे राहिलो. सदतिसाव्या वर्षी धाकट्याचे केस कानाशी पिकायला लागलेत, घरच्या काळज्यांनी तो अलीकडे अबोल झालाय. बाबा गेल्यापासून जास्तच. पहिल्या दोन लाटा साध्या गेल्या. तिसरी आत शिरली, पायाखालचा कातळ हलल्यासारखा वाटला आणि पाणी आमच्या डोक्यांच्या कितीतरी वर जाऊन अंगावर कोसळलं.

चष्मा पुसत तो म्हणाला, "अजून बरा नाही झाला गं, ताई."

मी पिशवीतून आईचा तांब्या काढला आणि फिरकी उघडून त्याच्या हातात दिला.