अक्षराच्या डोक्यावर अक्षर: फॉन्ट कुठवर आला

राजेहो, मी चर्च स्लाव्होनिकचा (रशियन चर्चची जुनी धार्मिक भाषा, लिपी सिरिलिक) फॉन्ट बनवतोय, त्यातली वर बसणारी अक्षरं आता जागच्या जागी बसू लागली. नवतपा सुरू आहे, धरमपेठेत भरदुपारी लाइन जाते आणि कूलर थांबला की खोलीत बसवत नाही. त्यामुळे फॉन्टफोर्ज (फॉन्ट बनवायचं सॉफ्टवेअर) पहाटेच उघडतो.

नव्यांसाठी थोडक्यात. जुन्या हस्तलिखितांत पवित्र शब्द आखडून लिहीत. मधली अक्षरं गाळायची आणि त्यातलं एखादं उरलेल्या अक्षरावर बारीक करून ठेवायचं. 'गोस्पोद', म्हणजे प्रभू, हा शब्द असा लिहितात: आधी 'गे', मग 'दे', 'दे'वर 'एस', त्याच्यावर 'पोक्रीतिए' नावाची कमान आणि शेवटी मृदुचिन्ह. या बारीक अक्षरांना युनिकोडने (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं मानक) २००८ साली, ५.१ आवृत्तीत, यू+२डीई० ते २डीएफएफ अशी ३२ घरं दिली. आणखी काही २०१२ मध्ये आली. 'एफ' बिचारं २०१५ पर्यंत ताटकळलं.

'गोस्पोद' डोळ्यांना तीनच अक्षरी दिसतो, पण आत पाच कोडपॉइंट, म्हणजे युनिकोड क्रमांक, आहेत. यूटीएफ-८ मध्ये (मजकूर साठवायची नेहमीची पद्धत) अकरा बाइट: वरच्या 'एस'ला तीन, बाकीच्या चौघांना दोन-दोन.

सगळा वेळ गेला तो क्रमापायी. अक्षराच्या वर-खाली बसणाऱ्या प्रत्येक जोडचिन्हाला एक वर्ग असतो आणि नॉर्मलायझेशन (एकच मजकूर वेगवेगळ्या तऱ्हेने टाइप झाला तर एकसारखा करणं) फक्त वेगवेगळ्या वर्गांची चिन्हं रांगेत लावतं. आपल्याकडे वैदिक स्वरचिन्हांपैकी स्वरिताचा वर्ग २३० आणि अनुदात्ताचा २२०, त्यामुळे ती दोन उलटसुलट टाइप केली तरी एकच क्रम हाती येतो. 'एस' आणि कमान मात्र दोन्ही २३० मधली. तिथे नॉर्मलायझेशन हात लावत नाही. 'एस-कमान' आणि 'कमान-एस' या कायमच्या दोन वेगळ्या स्ट्रिंग. उलट क्रम आला की माझ्या फॉन्टमध्ये 'एस' कमानीच्या डोक्यावर चढतो आणि भलतंच दिसतं. फॉन्टमध्येच अदलाबदल करून हे झाकता येतं, पण मी मुद्दाम झाकलं नाही. चुकलेला मजकूर चुकलेलाच दिसावा, नाहीतर लिहिणाऱ्याला कळणार कधी?

शोधाचं दुखणं निराळं. रशियन ऱ्हस्व 'इ' एका कोडने लिहा किंवा साधा 'इ' आणि वरची चंद्रकोर असा लिहा, एनएफसी (नॉर्मलायझेशनचा जोडणारा प्रकार) दोघांना एक करतं. 'दुसऱ्या'मधल्या आपल्या 'ऱ'चंही तसंच: एकटा ०९३१ किंवा 'र' आणि नुक्ता. वर बसणाऱ्या 'दे'ला मात्र विघटनच दिलेलं नाही. एनएफकेडी (फोडणारा प्रकार) चालवलं तरी त्याचा साधा 'दे' होत नाही. म्हणून पायथनमध्ये वरच्या अक्षराला खालचं जुळवणारा तक्ता हातानेच लिहिला. कंटाळवाणं काम, पण आता शोध लागतो.

रामटेकला संस्कृत शिकणारा एक दोस्त स्क्रीनकडे बघून म्हणाला, "अबे, हे तर आमच्या सामवेदात आहे!" खरंच आहे. ऋचांवर १, २, ३ आकडे, मधूनच '२र', '३क', '२उ'. यू+ए८ई० पासून पुढे वर बसणारे दहा अंक आणि अ, उ, क, न, प, र, वि, अवग्रह. २००९ साली ५.२ मध्ये आलेले, वर्ग तोच २३०. तेव्हापासून माझं अर्धं लक्ष तिकडेच आहे.

सिरिलिकचे अँकर (वरचं चिन्ह कुठे टेकायचं ते सांगणारे बिंदू) मात्र उचलून इथे डकवता येत नाहीत. हार्फबझ (फॉन्टमधली अक्षरं स्क्रीनवर मांडणारं सॉफ्टवेअर) देवनागरी वेगळ्या शेपरने, म्हणजे वेगळ्या मांडणी-नियमांनी, मांडतं, आणि शिरोरेषेवर रफार, मात्रा, अनुस्वार यांची आधीच दाटी असते. साध्या 'क'वर आकडा नीट बसतो. 'र्के'वर तो रफारात घुसतो, म्हणून मात्रा-रफार जोडीसाठी वेगळा उंच अँकर टाकून बघतोय. सिरिलिकमध्ये आता जोड 'एस-ते' तेवढं राहिलंय. ते वेगळं कोड आहे हे बरंच झालं, कारण 'एस' आणि 'ते' सुटे दिले तर ते शेजारी न बसता एकावर एक चढतात. कोणाकडे 'र्कैं'सारख्या गर्दीच्या ठिकाणचा छापील सामवेदाचा स्पष्ट स्कॅन असेल तर दाखवा.