ढब्बूच्या टाचा

ढब्बू आमचा ससा. घरी आला तेव्हा लेकाच्या दोन तळहातांत मावत होता. विकणारा म्हणाला होता, "ताई, होऊन होऊन किती होणार, मांजराच्या पिल्लाएवढा." आता मी त्याला उचलून वजनकाट्यावर उभी राहते, त्यातून माझं वजन वजा करते, तेव्हा साडेसहा किलो भरतात. जात फ्लेमिश जायंट, मूळ बेल्जियमकडचं. राहायला आमच्या ठाण्यात, चरईतल्या वन बीएचकेत, टीव्हीखाली.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. रात्रीची जेवणं झाली की सासूबाई त्याला मुळ्याचा पाला देतात. त्या रात्री पाला तसाच पडून. कोथिंबीर नाकाशी धरली तर तोंड फिरवलं. पाठ फुगवून कोपऱ्यात बसला होता आणि दात करकर वाजत होते. ट्रेमध्ये संध्याकाळपासून एक लेंडी नाही. सशाला उलटी होत नाही, आतडं मंदावलं की सगळं आत साचतं आणि गॅस धरतो. दहा-बारा तास पोटात काही गेलं नाही तर जिवावर बेततं, त्यामुळे सकाळची वाट बघायची नाही, एवढं मला ठाऊक होतं. दोन ठिकाणी फोनवर सांगितलं, आम्ही कुत्री-मांजरंच बघतो. तिसऱ्या ठिकाणी सशांचं बघणाऱ्या डॉक्टर मिळाल्या. अकरा वाजता रिक्षा केली.

त्यांनी पोट चाचपलं, कातडीखाली सलाइन दिलं, दुखणं थांबवायचं औषध वजनावर मोजून दिलं. मग म्हणाल्या, "याचे मागचे पाय बघू." टाचेवरची लव बाजूला केली, तर खाली रुपयाएवढी जागा बोडकी. लाल, चकचकीत, मधोमध छोटी खपली. दोन्ही पायांना.

"घरात गुळगुळीत फरशी आहे ना?"

कुत्र्या-मांजराच्या पंजाला गादी असते. सशाला ती नसते, फक्त लव. मातीत त्याची नखं रुततात आणि भार पुढे बोटांवर जातो. फरशीत नखं रुतत नाहीत, मग सगळा भार मागे टाचेवर येतो. छोट्या सशाचं एक वेळ निभावतं, साडेसहा किलोच्या ढब्बूचं कसं निभावणार? दुखतंय म्हणून हालचाल कमी, खाणं कमी, आणि शेवटी पोट बंद. रोज दोनदा पुसून लख्ख ठेवलेली ती फरशी माझीच होती. तिथेच मला रडू आलं.

पहाटे साडेचारला पहिली लेंडी पडली. बारीक, वाकडीतिकडी. सासूबाईंनी लेकाला उठवून दाखवली.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माळ्यावरच्या जुन्या गोधड्या काढल्या. तिसऱ्या दिवशी ढब्बूने एका कडेचे दोरे ओढून चघळायला घेतले. दोरा पोटात गेला तर नवीन संकट, म्हणून त्यांनी सगळ्या कडा आत दुमडून पुन्हा हाताने शिवल्या. गोधडी ओली झाली की लगेच बदलायची, ओलीवर टाच लवकर फुटते. नखं महिन्याला कापतो. गोळी खाद्य निम्म्यावर आणलं, सुकं गवत मात्र दिवसभर पुढे हवंच. त्याशिवाय सतत वाढणारे दात झिजत नाहीत आणि पोटही चालत नाही. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय लोंबते राहिले आणि त्याने लाथ झाडली तर कणा मोडू शकतो. आणि कृपा करून घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला पाजू नका. पोटातले उपयोगाचे जिवाणू मरतात, ससा दगावतो.

मे महिन्यात वेगळाच प्रश्न आला. सशाला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो कानांवाटे सोडतो. ठाण्याच्या त्या दमट उकाड्यात ढब्बू गोधडी सोडून फरशीवरच जाऊन पडायचा. मी त्याला परत उचलून आणायचे, तो पुन्हा तिथेच. डॉक्टरांना विचारलं. म्हणाल्या, आडवा पसरला की भार टाचेवर नसतो, झोपू दे. बसायला आणि पळायला तेवढं मऊ हवं.

आता बाल्कनीच्या दाराशी दोन लाद्या उघड्या ठेवल्या आहेत. बाजूला फ्रीजरमधली दोन लिटरची बाटली, टॉवेलात गुंडाळून. दुपारी तो तिथे लांब होतो, मागचे पाय सरळ मागे टाकून, तेव्हा तळवे अगदी समोर दिसतात. टाचांवर करड्या लवेचा पातळ थर आला आहे. डावी अजून थोडी विरळ आहे.