रॅम ओव्हरक्लॉक करण्याआधी टास्क मॅनेजर उघडा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत कॉम्प्युटर जोडून देण्याचं माझं छोटं दुकान आहे. इंजिनिअरिंगची पोरं येतात आणि हटकून विचारतात, "दादा, रॅम ओव्हरक्लॉक केली तर किती एफपीएस वाढतील?" म्हणजे कॉम्प्युटरची कामापुरती मेमरी ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवली, तर गेममध्ये सेकंदाला किती जास्त चित्रं दिसतील. मी म्हणतो, आधी विंडोजमधला टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर आणि स्पीडपुढं काय लिहिलंय ते मला वाचून दाखव.

बऱ्याचदा उत्तर येतं २१३३, नाहीतर २६६६. खोक्यावर ३२०० छापलेलं, पैसेही ३२०० चेच मोजलेले. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा! यात लबाडी कुणाची नसते. नवीन मशीन सुरू होताना मदरबोर्ड रॅम सावध, ठरीव स्पीडवर चालवतो. खोक्यावरचा स्पीड रॅममधल्याच एका प्रोफाइलमध्ये असतो आणि ते बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन आपण चालू करायचं असतं. या प्रोफाइलचं नाव डीडीआर४ पिढीच्या रॅमला एक्सएमपी, एएमडीच्या पुढच्या पिढीच्या डीडीआर५ बोर्डांवर २०२२ पासून एक्स्पो. डीडीआर४ चं व्होल्टेज त्यात साधारण १.२ वरून १.३५ वर जातं. कागदोपत्री हेही ओव्हरक्लॉकिंगच, पण रॅम बनवणाऱ्यानं त्या स्पीडवर तपासून दिलेली असते. त्यामुळं एवढं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला करूनच देतो. फक्त इंटेल प्रोसेसरच्या एच६१० बोर्डवर डीडीआर४ ३२०० च्या वर जात नाही, तिथं ३६०० च्या रॅमला जादा पैसे घालू नका.

त्याच स्क्रीनवर किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसतं. १६ जीबीची एकच पट्टी लावली असेल तर खरा तोटा तिथं आहे. ३२०० ची एक पट्टी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देते, ८-८ च्या दोन लावल्या की ५१.२. एएमडीचा रायझन ५६००जी प्रोसेसर घेऊन ग्राफिक्स कार्डाशिवाय गेम खेळणाऱ्यांना हा फरक डोळ्यांना दिसतो, कारण आतल्या ग्राफिक्सला स्वतःची मेमरीच नाही, ते याच रॅमवर जगतं. वेगळं कार्ड असेल आणि सेटिंग सगळं अल्ट्रावर, तर अडतं कार्डापाशी. रॅम कितीही पळवा. व्हॅलोरंटसारखा गेम कमी सेटिंगवर खेळणाऱ्याला मात्र थोडा फायदा होतो.

उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या मालकांचं दुखणं वेगळं. कास्टिंगच्या पॅटर्नची मोठी थ्रीडी असेंब्ली उघडली की मशीन रडतं. एकजण म्हणाले, "ओ, जरा फास्टातली रॅम घाला की." बघितलं तर रॅम गच्च भरलेली आणि विंडोज डिस्कवर माल टाकतंय. अशा वेळी ३२ जीबी करायची, स्पीडचा विषयच नाही. टॅलीवाल्यांना तर यातलं काहीच कळणार नाही, आणि कळायची गरजही नाही.

आता प्रोफाइलच्या पुढं, हातानं आकडे बदलायचं. सीएल म्हणजे डेटा मागितल्यावर रॅम किती ठोके थांबायला लावते तो आकडा, आणि रॅमच्या घड्याळाचे ठोके छापलेल्या स्पीडच्या निम्म्यानं पडतात. ३२०० सीएल१६ म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल१८ म्हणजे पण १० नॅनोसेकंदच! डेटा जास्त वाहतो, पहिला थेंब त्याच वेळेला येतो. रायझन ५००० मध्ये तर ३६०० ला आतलं इन्फिनिटी फॅब्रिक, म्हणजे प्रोसेसरच्या भागांना जोडणारी वाट, १८०० वर रॅमच्या घड्याळाच्या बरोबरीनं चालतं. ४००० चा हट्ट धरला आणि फॅब्रिकला २००० झेपलं नाही, तर बरोबरी सुटते, उशीर वाढतो. आकडा मोठा आणि मशीन मंद. ही गोष्ट पोरांना पटवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

मला स्वतःला नाद आहे, तो नाकारत नाही. घरच्या मशीनवर मी टीआरईएफआय, म्हणजे रॅम परत भरायच्या हुकमांमधलं अंतर, वाढवून बसतो. रॅममधला प्रत्येक बिट म्हणजे गळका कपॅसिटर, तो सतत परत भरावा लागतो. डीडीआर४ मध्ये त्याचा हुकूम दर ७.८ मायक्रोसेकंदांनी सुटतो. हे अंतर वाढवलं की भरण्यात जाणारा वेळ वाचतो आणि उशीर खरंच कमी होतो. पण उष्णता वाढली की गळती वाढते. पावसाळ्यात, कोल्हापूरच्या गार हवेत, रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची तपासणी पास झालेलं सेटिंग एप्रिलच्या दुपारी एरर देतं. आणि निळी स्क्रीन आली तर नशीब समजा. वाईट असतं ते गुपचूप बिघडणं: झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे आतला डेटा बिघडल्याची खूण, किंवा सेव्ह केलेली ड्रॉइंग दुसऱ्या दिवशी उघडतच नाही.

हे सगळं करून सेव्हन-झिप या फाइली दाबून लहान करणाऱ्या प्रोग्रॅमच्या बेंचमार्कात आकडा वर जातो, तेवढा आनंद मी घेतो. दुकानातलं बिलांचं मशीन मात्र नुसत्या एक्सएमपीवर चालतंय, त्याला मी हात लावत नाही.