कॅरमवर आरमार

आषाढातली दुपार. हुमण-भात होऊन घर आडवं झालेलं. फोंड्याकडच्या जुन्या घरांतून या वेळी दोनच आवाज येतात, पागोळ्यांचा आणि घोरण्याचा. पडवीत कॅरम बोर्ड उभा, तोंड भिंतीकडे, शिक्षा झालेल्या पोरासारखा. त्याचा आतला चौरस मोजला तर 74 सेंटिमीटर भरतो. हा आकडा एरवी कुणाच्या कामाचा नाही, पण टेबलावर अंतराळातली आरमारं लढवायचा नाद ज्यांना आहे, त्यांची लगेच ट्यूब पेटते.

कारण ‘फुल थ्रस्ट’ या अंतराळयुद्धाच्या खेळाला टेबल लागतं सहा फूट बाय चार फुटांचं. सहा फूट म्हणजे 72 इंच. आता सहा फुटांचं रिकामं टेबल कुठल्या घरात असतं? जेवणाचं टेबल असतं, पण त्यावर कायम काहीतरी झाकून ठेवलेलं. सुदैवाने या खेळात अंतरं नुसत्या ‘युनिट’मध्ये मोजतात, आणि युनिट म्हणजे इंच की सेंटिमीटर ते खेळणाऱ्यांनी ठरवायचं. सेंटिमीटर धरला की सगळी लढाई कॅरमवर मावते. वर दोन युनिटं उरतात.

जहाजांचे स्टँडही त्याच डब्यात असतात. कॅरमची सोंगटी तीन सेंटिमीटरच्या जरा वर, वजन पाच ग्रॅमच्या आसपास. पुठ्ठ्याचं टोकन पंख्याच्या वाऱ्याने उडतं. सोंगटी उडत नाही. सोंगटीच्या मधोमध ब्लू-टॅकचा, म्हणजे कागद भिंतीला चिकटवायच्या मऊ लगद्याचा, मुगाएवढा गोळा, त्यात तीन सेंटिमीटरची पितळी तार, तारेच्या टोकाला जहाज. लोखंडी तार वापरू नये. आपल्याकडे एका पावसाळ्यात ती गंजते आणि सोंगटीवर तांबूस कडं उमटवते, मग कॅरमवाले विचारतात हे कुणी केलं. ड्रिलने भोक पाडायचा मोह होतो. पाडू नये, सोंगट्या घरच्या असतात. ताफ्याच्या मोठ्या जहाजाला स्ट्रायकर द्यावा. पंधरा ग्रॅमपर्यंतचा ऐवज तो, त्याच्यावर जरा मोठं जहाजही कलंडत नाही.

बोरिक पावडर मात्र पुसून काढायची. राहिली तर कुणाची बाही लागली तरी क्रूझर चार युनिटं सरकते, आणि ती मुळात कुठे होती यावर जो वाद होतो तो लढाईपेक्षा लांबतो. नियमाला धरून बोलायचं तर अंतराळात घर्षण नसतंच, तेव्हा पावडर ठेवणंच शास्त्रशुद्ध. पण शास्त्र आणि चुलतभाऊ एका पाटावर बसत नाहीत.

हा खेळ ब्रिटनमधला, जॉन टफली यांचा, 1990 च्या दशकाच्या आरंभीचा. नियम इंटरनेटवर फुकट मिळतात. गंमत त्यातल्या हुकमांच्या चिठ्ठीत आहे. प्रत्येकाने आपल्या प्रत्येक जहाजाचा हुकूम गुपचूप कागदावर लिहायचा, मग सगळे कागद एकदम उघडायचे आणि सगळी जहाजं एकदम हलवायची. दिशा घड्याळासारख्या, बारा. समजा जहाजाचा वेग 8, तोंड बाराकडे, इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे जोर, 4. लिहिलं ‘डा 2, +2’. म्हणजे डावीकडे दोन घरं वळ आणि वेग दोनने वाढव. वळायला थ्रस्टचा जास्तीत जास्त अर्धा भाग वापरता येतो, इथे दोन, म्हणजे हुकूम बसला. नवा वेग 10. आधी एक घर वळून तोंड अकराकडे, मग पाच सेंटिमीटर पुढे, मग उरलेलं एक घर वळून तोंड दहाकडे, मग पुन्हा पाच. अर्धं वळण सुरुवातीला, अर्धं निम्म्या वाटेत. आकडा विषम असेल तर लहान हिस्सा आधी.

नवशिके इथे दोन ठिकाणी हमखास फसतात. एक, निम्म्या वाटेतलं वळण विसरतात. दुसरं, डावं म्हणजे जहाजाचं डावं, स्वतःचं नव्हे. जहाज आपल्याकडे तोंड करून येत असलं की हात उलटा लिहितो, आणि भरधाव फ्रिगेट स्वतःच्याच ताफ्यात घुसते. चिठ्ठी उघडल्यावर ‘मला तसं म्हणायचं नव्हतं’ चालत नाही. तसं चालू दिलं तर मग खेळूच नये, झोपावं.

मारामारी त्या मानाने सोपी. दोन नंबरची बीम बॅटरी, म्हणजे किरणांची तोफ, बारा युनिटांच्या आत दोन फासे टाकते, चोवीसच्या आत एक, त्यापुढे गप्प. 4 किंवा 5 पडला की एक घाव, 6 पडला की दोन घाव आणि फासा पुन्हा टाकायचा. या खेळाच्या 1998 च्या ‘फ्लीट बुक’मधल्या या हिशेबाने, समोरच्याला स्क्रीन, म्हणजे मारा अडवणारं कवच, नसेल तर, एका फाशामागे सरासरी 0.8 घाव बसतात. एका घावाला जहाजाच्या तक्त्यावरची एक चौकट खोडायची. पाच-पाच चौकटींच्या चार ओळींचं जहाज असलं तर चार फाशांच्या माऱ्याला ते दीड-दोन फेऱ्यांत एक ओळ गमावतं. आणि ओळ संपली की खरी धाकधूक. जहाजावरच्या प्रत्येक यंत्रणेसाठी एकेक फासा. पहिल्या ओळीला 6 पडला की ती यंत्रणा गेली, दुसऱ्या ओळीला 5 किंवा 6, तिसऱ्या ओळीला 4 पासून पुढे काहीही.

फासे बोर्डावर टाकू नयेत, स्टँड पडतात. ताटात टाकावेत, आणि स्टीलच्या ताटात खाली जुना पंचा अंथरावा. दुपारी अडीच वाजता उघड्या ताटात सहा फासे टाकून बघा, आतून जो आवाज येतो त्याला कुठलीही स्क्रीन पुरत नाही. “पोरांनो, घटकाभर डोळा लागू द्याल?” त्यानंतर अर्धा तास युद्ध कुजबुजत चालतं.

या सगळ्यात मला सर्वांत आवडतो तो इंजिन मोडायचा नियम. ड्राइव्हला, म्हणजे इंजिनाला, पहिला धक्का बसला की थ्रस्ट अर्धा, दुसरा बसला की शून्य. नवखा माणूस म्हणतो, चला, थांबलं जहाज. थांबत नाही. वेग 14 होता तर 14 नेच जातं, त्याच दिशेला, प्रत्येक फेरीत चौदा सेंटिमीटर, तोफा डागत डागत, सरळ. इंजिन चालवायला नव्हे, बदलायला लागतं. रायबंदरच्या धक्क्यावर उभं राहून चोडणहून येणारी फेरीबोट बघणाऱ्याला हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ती धक्क्याच्या बऱ्याच आधी इंजिनाचा आवाज उतरवते, ओहोटीचा ओढा धरून तिरकी सरकते आणि उतारावर अलगद टेकते. मांडवीतली भरलेली बार्ज तर वळायचं ठरवते एका ठिकाणी आणि वळते दुसऱ्याच ठिकाणी. रस्त्यावरच्या गाड्या चालवणारे लोक या खेळांत पहिल्या दोन डावांत हरतात. होडीवाले कमी हरतात, असा माझा एक आवडता समज आहे.

वहीच्या शेवटच्या पानावरचा तो खेळ आठवतो का? दोन्ही कडांना जहाजं काढायची, बॉलपेन आपल्या जहाजावर उभं धरायचं, टोपणावर बोट दाबून सटकन निसटू द्यायचं. शाईची रेघ जिथे संपेल तिथे गोळा. रेघ शत्रूच्या जहाजावर संपली तर ते बुडालं, आपल्याच जहाजावरून गेली तर भांडण. गणिताच्या तासाला मागच्या बाकावर असे कितीतरी समुद्र रिकामे झाले. शाळेने दिलेल्या शंभर पानी वहीत नव्वद पानं गणित असायचं, दहा पानं आरमार. 1973 साली अमेरिकेत ‘ट्रायप्लॅनेटरी’ निघाला तो खेळही रेघांचाच. षट्कोनी घरांचा नकाशा, त्यावर मेणाच्या पेन्सिलीने बाण काढायचा. पुढच्या फेरीला तोच बाण, तेवढाच, त्याच दिशेला, आधीच्या टोकापासून पुन्हा. इंधनाचा एक पॉइंट जाळला तर बाणाचं टोक एक घर सरकवता येतं. ग्रहाजवळून गेलात तर ग्रह ते फुकटात सरकवतो, आपल्याकडे. न्यूटन इतक्या थोडक्यात दुसऱ्या कुणी शिकवलेला नाही. हा नकाशा लॅमिनेट करून व्हाइटबोर्ड मार्करने खेळणारे खेळतात, पण जूनमध्ये तळहाताच्या घामाने अर्धी सूर्यमाला पुसली जाते. मेणाची पेन्सिलच बरी.

आणि षट्कोन का, तर घरातल्या लाद्यांवर खेळून बघावं म्हणजे कळतं. चौकोनी लादीवर सरळ गेलं तर एक घर, कोपऱ्यातून तिरकं गेलं तरी एकच घर, पण अंतर 1.41 पट. म्हणजे तिरका पळणारा फुकटात जोरात पळतो. षट्कोनाचे सहाही शेजारी सारख्या अंतरावर, तिथे ही लबाडी नाही.

षट्कोनांवरचा सर्वांत जाडजूड खेळ म्हणजे 1979 चा ‘स्टार फ्लीट बॅटल्स’. त्याच्या नियमांना कायद्याच्या पुस्तकासारखे कलमांचे क्रमांक आहेत, आणि एका फेरीचे 32 तुकडे. प्रत्येक फेरीच्या आधी अर्थसंकल्प मांडायचा: इंजिनातून एवढी एनर्जी येते, त्यातली वेगाला किती, शील्डला किती, तोफांना किती. क्रूझरला एका हेक्सच्या, म्हणजे एका षट्कोनी घराच्या, वेगाला एक पॉइंट पडतो. एक फोटॉन टॉर्पेडो भरायला दोन फेऱ्या लागतात, दर फेरीला दोन पॉइंट. लागला तर आठ घाव. आठ हेक्सवरून मारलात तर 1, 2 किंवा 3 पडला पाहिजे, म्हणजे अर्धी शक्यता. चार नळ्या एकदम सोडल्यात तर सोळातल्या एका वेळी चारही फुकट जातात, आणि ती वेळ नेमकी कधी येते हे खेळणाऱ्याला विचारू नये. सोळा पॉइंट एनर्जी खर्चून हातात शून्य. मडगावात, म्हापशात जे लोक मार्चअखेरीस ताळेबंद जुळवतात त्यांनी हा खेळ एकदा तरी खेळावा. एप्रिलमध्ये खेळू नये.

‘एक्स-विंग’ हा ‘स्टार वॉर्स’मधल्या लढाऊ यानांचा खेळ कॅरमवर मावत नाही, त्याला तीन फुटांचा चौरस लागतो. 2012 पासून त्याने टेबलांवर राज्य केलं, 2024 साली त्यात नवीन भर घालणं थांबल्याचं जाहीर झालं, आणि आता त्याचे गुणांचे तक्ते चाहतेच आपापसात जुळवतात. त्याच्या प्लास्टिकच्या खुंट्या मुळाशी मोडतात. एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार घातली की पुन्हा उभ्या राहतात, फक्त इन्स्टंट ग्लू पावसात जपून. हवेत ओल जास्त असली की त्याची वाफ जहाजावर पांढरी बुरशी आल्यासारखी बसते. स्प्रे वार्निशचंही तेच, काळं जहाज दुधाळ होतं. रंगकाम नोव्हेंबरात काढावं. पुठ्ठ्याचे पट एका बाजूने कागद डकवले असतील तर पावसाळ्यात पुरणपोळीसारखे फुगतात. मागच्या बाजूलाही तेवढाच जाड कागद चिकटवला की सपाट राहतात.

खुद्द कॅरमचं प्लायवुडही श्रावणापर्यंत मधोमध किंचित उचलतं. कॅरमवाले वैतागतात, स्ट्रायकर आपोआप कोपऱ्याकडे वाहतो. आम्हा लोकांना ते गुरुत्वाकर्षण वाटतं. चार भोकं तर आहेतच कोपऱ्यांत, कृष्णविवरं म्हणून. जहाजाची वाट भोकावरून गेली तर जहाज गेलं, असा घरगुती नियम करायला हरकत नाही.

कडेच्या लाकडी चौकटीचा प्रश्न उरतो. अंतराळाला कड नसते. कुणाचं जहाज चौकटीला टेकलं की सगळी जहाजं, मित्र-शत्रू सगळी, उचलून वीस सेंटिमीटर मागे ठेवायची. एकमेकांमधली अंतरं आणि दिशा तशाच राहिल्या की लढाईला काही कळत नाही. फक्त हे काम दोघांनी पट्टी घेऊन करावं. एकट्याने केलं तर ज्याने सरकवलं त्याचं जहाज नेहमी जरा सोयीच्या जागी पोचतं.

चवथीला मुंबईहून भावंडं येतात तेव्हा प्रत्येकी तीन जहाजं पुरेत. दहा-दहा मांडली की दुसऱ्या फेरीतच आरतीची वेळ होते, आणि आरतीनंतर कॅरमवाल्या चौकडीला बोर्ड हवा असतो. मग घाईघाईत तारा उपटायच्या, ब्लू-टॅक अंगठ्याने खरवडायचा, सोंगट्या मोजायच्या. नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या. राणी सापडत नाही. ती ग्रह म्हणून मधोमध ठेवली होती. आता बहुतेक कुठल्यातरी कृष्णविवरात असेल, जाळीत हात घालून बघा.