माझा अनुभव: घर आजीचं, सही भाटकाराची

२३ जुलै २०२१ ला गोव्यातली म्हादई नदी गावात शिरली. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असं सरकारनंच सांगितलं होतं. मातीच्या भिंतींची घरं पाण्यात विरघळली. समाजसेविका म्हणून माझी नेमणूक पूरग्रस्तांना ठेवलेल्या एका सामाजिक सभागृहात झाली. जेवण, कपडे, औषधं दोन दिवसांत मार्गी लागली; गोव्यात अशा वेळी माणसं कमी पडत नाहीत. खरी लढाई पुढे, कागदांची होती.

सभागृहात एक आजी होत्या. वय सत्तरीपुढे, नवरा वारलेला. घराची जोतीच काय ती उरली होती. तलाठी येऊन पंचनामा करून गेले, म्हणून मी निर्धास्त झाले. ती माझी चूक. पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी वाचायला हवी होती. आठवड्याने घराच्या भरपाईसाठी तालुक्याच्या कार्यालयात गेलो तर कळलं, पंचायतीच्या घर क्रमांकापुढे आजींच्या वारलेल्या सासऱ्यांचं नाव आणि एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, भाटकाराचं, म्हणजे जमीनमालकाचं. आजींचं नाव कुठेच नाही.

टेबलावरच्या बाईंनी सांगितलं, सगळ्या वारसांची संमती आणा, भाटकाराचा ना हरकत दाखला आणा. दीर मुंबईला, भाटकार फोन उचलत नव्हता. दुसऱ्या खेपेला साहेब बैठकीला गेलेले. तिसऱ्या खेपेला फाईलच सापडेना. चौथ्या खेपेला त्याच बाईंनी पुन्हा पहिल्यापासून विचारलं, "घर कोणाचं?" बाहेर पडताना आजी म्हणाल्या, "बाय, घर आमचें न्हय गे? मागीर सही तांची कित्याक?" (घर आमचं नाही का? मग सही त्यांची कशाला?) माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या रात्री मला झोप आली नाही. राग अजून गेलेला नाही.

आपत्तीमुळे घर सोडावं लागलेल्या माणसांनाही संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९९८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत 'अंतर्गत विस्थापित' म्हटलं आहे. त्यातलं विसावं तत्त्व सांगतं की हरवलेली कागदपत्रं अवाजवी अटी न घालता पुन्हा मिळावीत, आणि स्त्रियांना ती स्वतःच्या नावाने मिळण्याचा पुरुषांइतकाच हक्क आहे. भारतात अशा विस्थापितांसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे हे वाक्य टेबलावर दाखवून काम होत नाही. पण मला त्याने बळ दिलं.

वाट निघाली ती मुंडकार कायद्यातून. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणारा. १९७५ च्या या कायद्यानुसार मामलेदाराकडे, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याकडे, मुंडकारांची नोंदवही असते. पाचव्या खेपेला मी लेखी अर्ज दिला आणि तीत आजींच्या नवऱ्याचं नाव सापडलं! प्रमाणित प्रत, त्यांच्या मृत्यूचा दाखला, जुन्या घरपट्टीच्या पावत्या आणि आजींचं रेशनकार्ड एकत्र जोडलं. सहाव्या खेपेला भाटकाराच्या सहीशिवाय भरपाईचा अर्ज घेतला गेला. आजींनी अंगठा उठवला तेव्हा माझेच डोळे भरून आले.

घर मुंडकारीचं असेल तर ही नोंद आधी शोधा, आमच्यासारखी शेवटी नको. तोंडी विचारू नका; अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व तारीख घेतल्याशिवाय हलू नका. आमची फाईल सापडली ती त्या क्रमांकामुळेच. गाळ उपसण्याआधी भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा फोटो काढा. भिजलेली कार्डं उन्हात टाकू नका, वर्तमानपत्राच्या घड्यांत सावलीत सुकवा.

आणि सभागृहात काम करणाऱ्यांनी पहिल्याच संध्याकाळी बायकांसाठी दोरी बांधून चादरींचा आडोसा करावा. आम्हाला ते तिसऱ्या दिवशी सुचलं, तेही आजींनीच सांगितल्यावर.